दोनशे पावलांवरचे पाणी

मित्रांनो, माझ्या डाव्या कानावर अडकवलेली ही पिवळी टोपी माझी नाही. सकाळी सहलीला आलेल्या एका गृहस्थांनी ती इथे टांगली आणि ते समुद्र बघायला गेले. माझ्याखाली ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. पण टोपी म्हणजे काही हात नव्हे, असे त्यांना वाटले असावे. मी एक जुना लाकडी घोडा आहे. घोडा म्हणजे नुसते डोके आणि मान. बाकीचे अंग मला दर चैत्रात नवे मिळायचे आणि आठ दिवसांनी काढून घेतले जायचे.

मी टांगलो आहे त्या झोपडीपासून समुद्र दोनशे पावलांवर आहे. मला पाय नाहीत, त्यामुळे पावले मी मोजलेली नाहीत. ती बैधर बेहेराने मोजली होती, आणि त्यातली पन्नास त्याला चालता आली नाहीत. ती गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म काही कुणाच्या हौसेतून झालेला नाही. ओडिशाच्या या किनाऱ्यावर, जिथे आज तुम्ही तिकीट काढून येता, तिथे केउटपदा नावाचे कोळ्यांचे गाव होते. त्या गावाची रीत अशी, की जी होडी माणसांशिवाय परत येते ती पुन्हा पाण्यात घालायची नाही. तिच्या नाकाडाचे लाकूड कापायचे आणि त्यातून घोडा कोरायचा. त्या लाकडाला जायची वाट ठाऊक असते आणि यायचीही. बैधरच्या आजोबांची होडी अशीच एका सकाळी रिकामी परत आली. आत पाण्याचे मडके होते, तेही न फुटलेले. आठ दिवस गाव रडले आणि नवव्या दिवशी नटवर सुताराने माझ्यावर पटाशी चालवली.

नटवरचा हात चांगला होता, पण त्या दिवशी त्याने थोडी घेतली होती. माझा डावा कान उजव्यापेक्षा चार बोटे लांब झाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

नटवर म्हणाला, “हसा, हसा. आखूड कानाने हा तुमचं ऐकेल, लांब कानाने त्यांचं.”

‘त्यांचं’ म्हणजे बुडालेल्यांचे. मग कुणी हसले नाही.

वर्षभर मी बासेली ठाकुराणीच्या देवळात लाल कापडाखाली झोपलेला असे. चैत्राच्या पौर्णिमेला मला उठवत. बांबूचा सांगाडा बांधून त्यावर रंगीत कापड शिवत, गळ्यात जास्वंदीच्या माळा घालत. सांगाड्याच्या मध्ये एक माणूस उभा राही, तो जणू माझ्यावर बसलेला स्वार. चाळीस वर्षे तो माणूस बैधर होता. ढोल वाजवायला गावचा मुखिया मागुणी. आणि माझ्यापुढे नाचायला राउताणी, म्हणजे स्वाराची बायको. ते काम धोबेई करायचा. दाढी घोटून, साडी नेसून, पायांत चाळ बांधून तो असा मुरडायचा की म्हातारेसुद्धा शिट्ट्या मारत.

देवळापासून नाचत नाचत आम्ही पाण्यापर्यंत जायचो. तिथे ढोल थांबायचा. बैधर पुढे वाकायचा आणि माझे तोंड लाटेत बुडायचे. घोडा पाणी प्यायला, की त्या वर्षी जो कुणी बुडाला असेल तो माझ्या पाठीवर चढतो आणि घरी येतो, असे गाव मानायचे. तोवर तो पाण्यातच उभा असतो. आणि तोवर त्याच्या घरात मासळी शिजत नाही. न जाणो, त्या मासळीने त्यालाच चावा घेतलेला असायचा. घोडा परतला की त्याच्या दारात पखाळाचा, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताचा, वाडगा ठेवायचा, त्यावर एक भाजलेला सुका मासा. मग घर मोकळे.

पाठीवर खरेच कुणी बसायचे का, असे तुम्ही विचाराल. मला पाठ नाही, तेव्हा मी काय सांगणार. पण जाताना हरणासारखा उड्या मारणारा बैधर येताना मात्र गुडघ्यात वाकलेला असे. पाऊल वाळूत घोट्यापर्यंत रुतत असे. मागुणी म्हणायचा, दारू उतरलेली असते. असेलही. दारू न पिता नाचला त्या वर्षीसुद्धा गुडघे वाकले होते, एवढे मी पाहिले आहे.

ते दिवस माझे होते. बायका माझ्या नाकाडावर तेल चोळत, आणि ज्या घरचे माणूस मी आणून दिले असेल त्या घरची म्हातारी मला उगाच दोन शिव्या घालून मग मुके घेत असे.

पुढे हा किनारा राखीव झाला. कासवे इथे अंडी घालतात, म्हणून माणसांनी इथून उठावे असे ठरले. कासवांशी माझे वैर नाही. ती आमच्याही आधीपासून इथे येतात आणि त्यांनी कधी कुणाला उठवून लावलेले नाही. ज्यांनी उठवले ते दुसरे. गाव सात कोस आत, कालव्याच्या कडेला नेऊन बसवले. घरे मोडली, विहिरीत वाळू भरली. वर सुरूची रोपे लावली. ती आता एवढी वाढली आहेत की तुम्ही त्यांच्या सावलीत डबे सोडता. खाडीचा कोपरान्‌कोपरा ठाऊक, म्हणून धोबेईला राखणदाराची नोकरी मिळाली. चाळ गेले आणि कमरेला पट्टा आला. मीही गावाबरोबर कालव्याकाठच्या नव्या देवळात गेलो. तिथे चैत्रात मला कालव्याचे पाणी पाजत. गोड पाणी. त्यात शेवाळ असे.

चालले असते तसेही. नव्या गावात कुणी बुडत नव्हते. तिथे बुडण्याएवढे पाणीच नव्हते. पण बैधरचा मुलगा उछब मानेना. चोवीस वर्षांचा होता, दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने समुद्रावर जाऊ लागला. एका श्रावणात ती होडी उलटली, आणि नेमकी इथे, या किनाऱ्यासमोर. दोघे पोहत आले. उछब आला नाही.

त्या पहिल्या चैत्रात बैधर परवानगी मागायला कार्यालयात गेला. मला त्याने खांद्यावर घेतले होते, साहेबांना दाखवायला.

“चैत्रात किनारा बंद,” कारकून म्हणाला. “कासवांची पिल्लं बाहेर पडतात.”

“मग उघडा कधी असतो, बाबू?”

“कार्तिक ते फाल्गुन. तिकीट काढून यायचं. पूजेचं सामान चालत नाही. घोडाबिडा तर मुळीच नाही.”

“पाच माणसंच येऊ. ढोलही नको.”

“म्हातारबा, पिल्लं तुझ्या पाच माणसांच्या पायाखाली मेली तर तू आणून देणार आहेस का?”

बैधरने मला पुन्हा खांद्यावर घेतले. माणसे आणून द्यायची रीत त्याला ठाऊक होती, कासवांची नव्हती.

मग घरी सेबतीचे राज्य सुरू झाले. सेबती म्हणजे बैधरची बायको, उछबची आई. कोळ्याच्या घरात तिने सहा वर्षे मासळी शिजू दिली नाही. भात, मीठ, लाल भाजी, बस. शेजारणी मुद्दाम दारात बसून मासे तळत. कांद्याचा वास आत गेला की म्हणत, “सेबती, ये गं, काटा तरी चोखून जा.” ती येत नसे. रागाने जळायची ती फक्त बैधरवर.

“चाळीस वर्षं लोकांची पोरं पाठीवर घालून आणलीस,” ती म्हणायची. “स्वतःचं ओळखू येत नाही का?”

बैधर नुसता खोकायचा.

“बोल ना. का फक्त नाचता येतं?”

हे सगळे मी देवळात झोपल्या झोपल्या ऐकत असे. त्यांचे घर देवळाला लागून होते आणि माझा आखूड कानही तसा बरा आहे.

सातव्या वर्षी, पौष महिन्यात, महापात्र बाबू गावात आले. राखीव जंगलाच्या वेशीवर पाहुण्यांसाठी नवा निवास झाला होता, त्याचे ते व्यवस्थापक. माणूस गोड होता. अशा गोड माणसांनी मला सर्वात जास्त त्रास दिला आहे.

“मोठ्या कंपनीचे चाळीस पाहुणे येतायत,” ते म्हणाले. “किनाऱ्यावर घोडा नाचवायचा. परवानगी मी काढलीय.”

मागुणीने मान हलवली. “पौषात घोडा झोपलेला असतो, बाबू. झोपलेल्या घोड्याला उठवलं तर तो आणायला जात नाही, न्यायला येतो.”

बैधरने एकच विचारले. “पाण्यापर्यंत जाऊ द्याल?”

“पाण्यापर्यंत काय, पाण्यात जा. फोटो छान येतील.”

बैधरने घराकडे पाहिले. सेबती उंबऱ्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

“उठव त्याला,” ती म्हणाली.

गावात जी चूक कुणीच कधी केली नव्हती ती बैधरने केली. माझ्यावरचे लाल कापड पौषात निघाले. मागुणी दोन दिवस पाप पाप म्हणत फिरला आणि तिसऱ्या दिवशी ढोल घेऊन गाडीत सर्वात आधी जाऊन बसला. पाहुण्यांबरोबर जेवण आहे, असे त्याला कळले होते.

तेरा वर्षांनी मी हा किनारा पाहिला. मित्रांनो, खरोखर फार सुंदर झाला होता. आमच्या वेळी इथे जाळी वाळत, कुत्री भांडत, पोरे वाळूत शी करत. आता वाळूवर फक्त खेकड्यांच्या नख्यांची नक्षी होती. केवड्याचा वास आणि लाटांचा आवाज, एवढेच. ‘माणसाचा स्पर्श न झालेला किनारा’ अशी पाटी जिथे होती तिथे पूर्वी नटवर सुताराची ओसरी होती. तिथेच मला कोरले.

पाहुणे आज ही झोपडी आहे तिथे, सुरूच्या सावलीत खुर्च्यांवर बसले होते. ढोल वाजला आणि बैधर नाचला. साठी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या अंगात वीस वर्षांचा कुणी शिरला होता. नाचता नाचता तो पाण्याकडे सरकू लागला. तोंडाने पावले मोजत होता, ती मला ऐकू येत होती. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस. दीडशेव्या पावलाला वाळूत एक निळी दोरी ताणलेली होती, आणि दोरीपलीकडे काठी आडवी धरून धोबेई उभा होता.

“बस भाई. इथपर्यंतच.”

“काठी काढ, धोबेई. पन्नास पावलं राहिली.”

“घोड्याच्या परवानगीची चिठ्ठी दोरीपर्यंतची आहे.”

“बाबू तर म्हणाले, पाण्यात जा.”

“बाबू त्यांच्या निवासाचे. दोरी माझी.”

“तू राउताणी होतास रे याच्यापुढची. बारा वर्षं नाचलास. उछबला तू खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीस.”

“तेव्हा साडी नेसायचो, आता पट्टा बांधतो,” धोबेई म्हणाला. काठी हलली नाही. “माझी मुलगी यंदा उजवायची आहे. नोकरी गेली तर तुझा घोडा मला खायला घालणार आहे का?”

बैधर सांगाड्यासकट गुडघ्यांवर बसला. माझे डोके धोबेईच्या बुटांना टेकले. त्याच्या बुटांना मिठाचा वास होता. रोज तो त्या पन्नास पावलांत फिरायचा.

आणि टाळ्या वाजल्या. पाहुण्यांना वाटले, हा खेळाचाच भाग आहे. स्वार येतो, शिपाई अडवतो, घोडा पाया पडतो. एक बाई महापात्र बाबूंना म्हणाल्या, “किती गोड. मला टिपता नाही आलं हो, पुन्हा एकदा करायला सांगा ना.”

महापात्र बाबूंनी हात वर केला. “बैधर, ते पाया पडायचं परत एकदा.”

मित्रांनो, त्याने ते परत केले. बाबूंनी सांगितले म्हणून नव्हे. या खेपेला तरी काठी बाजूला होईल, अशी त्याला आशा होती. दीडशे पावले मागे जाऊन तो पुन्हा नाचत आला, पुन्हा बसला, आणि माझे डोके पुन्हा त्याच बुटांना टेकले. धोबेई सुरूच्या झाडांकडे बघत राहिला. टाळ्या आधीपेक्षा जास्त वाजल्या.

मागुणीने तळलेले सहा मासे खाल्ले.

घरी सेबती दारातच होती. तिने मला जवळ ओढले. माझ्या ओठांवरून बोट फिरवले आणि ते जिभेला लावले.

“याच्या तोंडाला मीठ नाही,” ती म्हणाली, आणि आत जाऊन लाल भाजी निवडायला बसली.

माघात गावात गोवर आला. तो दर दोन-तीन वर्षांनी येतोच. पण या वेळी त्याला कारण मिळाले. पौषात घोडा उठवला. बोअरवर बायका सेबतीचा हंडा बाजूला सारू लागल्या. पंचायत बसली. तिथे सर्वात मोठ्या आवाजात मागुणी बोलला. घोडा बाटला आहे, तो देवळात नको, असे त्याचे म्हणणे.

बैधर म्हणाला, “ढोल तूच वाजवलास.”

“ढोलाला देव नसतो,” मागुणी म्हणाला.

महापात्र बाबूंना ही बातमी लागली. जुन्या वस्तूंची त्यांना आवड होती. त्यांनी देवळावर पत्रे घालून द्यायचे कबूल केले आणि गावाने मला देऊन टाकले. ठाकुराणीला छप्पर मिळाले आणि तिचा घोडा गेला. मला पोत्यात घालून, कोबीच्या दोन पोत्यांच्या मध्ये ठेवून तीनचाकीतून आणले. बैधर गाडीमागे पळाला नाही. त्याने फक्त पोत्याचे तोंड सैल केले, माझा डावा कान बाहेर राहावा म्हणून. नव्या चैत्रासाठी गावाने शहरातून कागदाच्या लगद्याचा घोडा आणला आहे. त्याचे दोन्ही कान सारखे आहेत.

इथे, पाहुण्यांना दाखवण्यासाठी किनाऱ्यावर उभारलेल्या या झोपडीत, माझी फार चांगली निगा राखतात. मानेत खिळा ठोकला, अंगावर तीन हात वॉर्निश दिले. माझ्या डावीकडच्या फलकावर लिहिले आहे, की या किनाऱ्यावर मनुष्यवस्ती कधीच नव्हती. एकदा एका मुलीने तो वाचून बापाला विचारले, “मग हा घोडा कुणाचा?”

“आणला असेल कुठून तरी,” बाप म्हणाला.

गेल्या माघात सेबती आली. रीतसर तिकीट काढून, रांगेत उभी राहून, आपल्याच किनाऱ्यावर. धोबेईने तिला ओळखले आणि ओळख दाखवली नाही. पाहुण्यांना पाण्यात पाय भिजवू देतात, तसे तिलाही जाऊ दिले. आमची सगळी घालमेल ज्या दोरीपाशी झाली, ती तिने एक पाय उचलून ओलांडली. बराच वेळ ती घोटाभर पाण्यात उभी होती. मग पदराचे टोक भिजवून, मुठीत घट्ट धरून, ती या झोपडीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“हात लावायचा नाही, वहिनी,” धोबेई दारातून म्हणाला.

“मी हात लावत नाही,” सेबती म्हणाली.

धोबेईने आमच्याकडे पाठ केली. त्याच्या आयुष्यातली तेवढीच दया मी पाहिली आहे. तिने पदर माझ्या तोंडावर पिळला. पाणी वॉर्निशवरून घरंगळून गेले. लाकडापर्यंत एक थेंब पोचला नाही. पण ओठांच्या खाचेत थोडेसे राहिले होते. तिने त्याला बोट लावले, जिभेवर ठेवले. खारट होते. सहा अधिक एक, सात वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

मला तोंड आहे पण बोलता येत नाही. नाहीतर सांगितले असते, की सेबती, पाणी घोड्याकडे आणून चालत नाही. घोड्याला जावे लागते.

ती गेल्यावर धोबेईने फडक्याने माझे तोंड पुसून काढले. वॉर्निशवर पडलेले डाग त्याला वहीत लिहावे लागतात.

दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या राखणदाराला सांगत होता, “बैधरभाईच्या घरात मासळी शिजली. वहिनीने दारात पखाळाचा वाडगा ठेवला, गावाला बोलावलं. मागुणीने तिथेही चार मासे खाल्ले.”

“आणि म्हातारा?”

“भाई ताटावर बसलाच नाही. म्हणतो, पोरगा आला असता तर माझे गुडघे वाकले असते. वाकले नाहीत, मी कसा जेवू? वहिनीने ताट भिंतीवर फेकलं. सात वर्षांनी पोर घरी आलंय आणि बाप तोंड फिरवतोय, म्हणाली. आता दोघं एका घरात राहतात, पण बोलत नाहीत.”

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. माझी काळजी उत्तम घेतली जाते. मला वाळवीसुद्धा लागत नाही. मला एवढेच हवे आहे, की कुणीतरी मला या खिळ्यावरून काढावे आणि दोनशे पावले चालावीत. मोठ्या माणसांना ते जमणार नाही. तुम्हालाही बहुधा जमणार नाही, कारण तुम्ही शाळेत जाता आणि तुम्हाला पाटी वाचता येते.

तेव्हा निदान जाताना ही टोपी तेवढी काढा. ती माझ्या लांब कानावर आहे, आणि सकाळपासून उछब काहीतरी म्हणतो आहे, ते मला नीट ऐकू येत नाही.